बाथटबचे डाग ‘पाच मिनिटांत’ काढून देणारे

मे महिन्यात हंगाम उतरतो, होमस्टेवाले डागडुजीला लागतात, आणि नेमके तेव्हाच ‘टब नव्यासारखा करून देतो’ म्हणणारे दारात उभे राहतात. गोव्यात बार्देशातल्या एका जुन्या घरात घडले ते असे. टब बिडाचा, वर पांढरे इनॅमल, पाणी परसातल्या विहिरीचे. नळाखाली आणि जाळीभोवती तांबूस ओघळ पडलेले. दोघे आले. एकाने लेबल नसलेल्या बाटलीतून कपभर द्रावण डागावर ओतले. नाकाला झोंबणारा वास आला, जाळीकडे पिवळेधमक पाणी वाहिले, ब्रशचे दोन हात मारले आणि वीतभर जागा लख्ख झाली. केमिकल म्हणे इंपोर्टेड. साडेचार हजार ठरले, अर्धे आगाऊ. पाऊण तासात टब पांढरा करून, उरलेले पैसे घेऊन मंडळी गेली.

तीन आठवड्यांत डाग परत आले. आधी ते नळाखाली होते, आता सगळा तळच तांबूस. फोन केल्यावर उत्तर मिळाले, ‘तुमचं इनॅमलच गेलंय, री-ग्लेझिंग, म्हणजे वर नवा थर, करावं लागेल, अठरा हजार होतील.’ इनॅमल गेले होते हे खरेच. ते घालवले कोणी, एवढेच फोनवर आले नाही.

बाटलीत होते ते फरशीचे ऍसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक. हार्डवेअरच्या दुकानात ते स्वस्तात मिळते. गंज त्यात विरघळून पाणी पिवळे होते, म्हणून डाग निघाल्यासारखा दिसतो आणि निघतोही. पण इनॅमल म्हणजे धातूवर भाजून बसवलेला काचेचा पातळ थर. तीव्र आम्ल त्यातले क्षार ओढून घेते, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात आणि पुढचे लोह त्या खळग्यांत बसते. जाळीचे स्टीलही काळे पडते. ओला असताना असा टब चकाकतो, म्हणूनच काम संपल्यावर तो वाळू न देता दाखवतात. टब कोरडा करून त्यावर साध्या पेन्सिलीची रेघ ओढा. ओल्या फडक्याने ती पुसली गेली तर इनॅमल शाबूत. पुसूनही राखाडी छटा उरली तर थर खाल्ला गेला आहे, आणि तो घासून परत येत नाही.

डाग पडतात ते जांभ्यामुळे. आपली तांबडी माती लोहाने भरलेली. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेले की भांड्यांवर, टबावर खुणा उमटू लागतात. विहिरीचे पाणी काचेच्या बरणीत भरून एक-दोन दिवस उघडे ठेवा. आधी नितळ असलेले पाणी तांबूस झाले, तळाशी गाळ बसला, तर लोह पाण्यातच आहे. नळाचे पाणी फक्त सकाळी पहिले काही सेकंद लाल येत असेल तर दोष बहुधा घरातल्या जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा. ग्लासात दोन सळ्या बुडवून, वीज सोडून पाणी तपकिरी करून दाखवणारा यंत्रविक्या आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तो तपकिरी रंग लोखंडी सळी विरघळल्याचा असतो.

साफ करण्याआधी टब कशाचा आहे ते बघा. लोहचुंबक चिकटला तर बीड किंवा पत्रा आणि वर इनॅमल, नाही चिकटला तर बहुधा ऍक्रिलिक किंवा फायबर. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ऍसिड (किराणा दुकानातले लिंबूफूल) विरघळवा. आधी कोपऱ्यात नाण्याएवढ्या जागेवर पाच मिनिटे लावून, धुऊन, वाळवून पाहा. चमक तशीच असेल तर जुने सुती फडके द्रावणात भिजवून डागावर पसरा आणि ते सुकू नये म्हणून वर प्लास्टिक ठेवा. इनॅमलवर १५ मिनिटे, ऍक्रिलिकवर अर्धा तास. मऊ स्पंजने पुसा, भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून एक हात फिरवा. जाड डागाला हेच दोन-तीनदा, मध्ये दिवस सोडून. एका बैठकीत उरकायची घाई नको. तारेची घासणी कुठल्याच टबाला लावू नका. ऍक्रिलिकला थिनर किंवा ऍसिटोन लागले तर ते मऊ पडते, तडकते.

ब्लीचने लोहाचा डाग जात नाही, उलट पक्का बसतो. आणि ब्लीच ऍसिडला भेटले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो, तेव्हा आदल्या दिवशीचे ब्लीच धुतले आहे ना, याची खात्री करा.

री-ग्लेझिंग हे खरे काम आहे, पण ते करणारा आधी जाळी आणि कडेचे सिलिकॉन काढतो, पृष्ठभाग तयार करून नवा थर धरून ठेवणारा बाँडिंगचा हात देतो, मग दोन घटकांचे कोटिंग फवारतो, हवा बाहेर खेचणारा पंखा लावतो आणि दिवस-दोन दिवस टबाला पाणी लावू देत नाही. सिलिकॉनवरूनच ब्रशने इपॉक्सी ओढून ‘संध्याकाळी वापरा’ म्हणणाऱ्याचा थर पहिला जाळीपाशी फुगतो. पावसाळ्यात तर नकोच.

पैसे यूपीआयने द्या आणि पावतीवर केमिकलचे नाव, टबाचा प्रकार, पत्ता लिहून घ्या. आधीचे आणि नंतरचे फोटो कोरड्या टबाचे काढा. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मागे सोडलेली बाटली टाकू नका, झाकण घट्ट लावून घराबाहेर मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. तक्रारीत तीच पुरावा ठरू शकते.