जहाज खरं, हॉटेल खोटं

आमचे 35,100 रुपये गेले ते जहाजाच्या तिकिटात नाही. तिकीट खरं होतं. कंपनीच्या साइटवरून काढलेलं, मेलवर आलेलं, बुकिंग नंबर टाकला की सहाही जणांची नावं दाखवणारं. पैसे गेले मुंबईतल्या मुक्कामात, जो अख्ख्या खर्चातला सगळ्यात किरकोळ भाग होता. आमच्या धामणगाव रेल्वे तालुक्यात कापसाचे पैसे हातात आले की तिरुपती, जगन्नाथपुरी व्हायचं. आता मुंबई-गोवा जहाजाचं वेड आलं आहे. माझ्या कृषी केंद्रात बियाण्याची चौकशी करता करता तिघा-चौघांनी जहाजाचीही चौकशी केली, म्हणून सविस्तर लिहितो.

दादा-वहिनींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आईला समुद्र पाहायचा होता. दादा, वहिनी, पुतणी, आई, मी आणि बायको असे सहा जण. तिकिटं पुतणीने काढली, ती अमरावतीला शिकते. तिने तीनदा खात्री केली: कंपनीचं नाव, साइटचा पत्ता, जहाज त्या तारखेला खरंच सुटतं का. एवढ्या मोठ्या रकमेला सगळ्यांनीच डोळ्यांत तेल घातलं होतं.

मुक्कामाचा प्रश्न त्यानंतर आला, आणि तो आपल्याकडच्या माणसाला टळत नाही. विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी बसलं की सकाळी सीएसएमटी. जहाजाचं चेक-इन दुपारी. कागदावर सगळं जुळतं. पण भुसावळला गाडी रखडली, कसारा घाटात थांबली, तर जहाज काही आपल्यासाठी धक्क्यावर उभं राहत नाही. चेक-इनची खिडकी सुटण्याच्या बरीच आधी बंद होते आणि उशिरा आलेल्याचे पैसे बुडतात. म्हणून एक दिवस आधी पोचायचं ठरलं. इथपर्यंत शहाणपणाचंच होतं. नेमकी हीच काळजी आम्हाला फसवणाऱ्या माणसाने हेरली आणि आम्हालाच परत विकली.

जहाज बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटतं, म्हणून दादाने मोबाइलवर नकाशात त्याच्या जवळचं हॉटेल शोधलं. मुंबईच्या फोर्ट भागातलं एक हॉटेल दिसलं. फोटो बरे, शेरे बरे, खाली फोन नंबर. हे हॉटेल खरोखर आहे, त्याचा यात काही दोष नाही. फक्त नकाशावरचा नंबर त्यांचा नव्हता. अशा नकाशांवर कुणीही ‘बदल सुचवा’ दाबून नंबर पाठवू शकतो आणि कधी कधी तो बदल लागूही होतो, हे आम्हाला मागाहून कळलं.

फोन पहिल्याच रिंगला उचलला. हिंदीत, अगदी अदबीने. ‘क्रूझ गेस्ट है क्या सर?’ हे त्यानेच विचारलं. मग जहाज किती तारखेचं, किती जण, वयस्कर कोण आहे, ‘अम्माजी को सीढ़ी की तकलीफ तो नहीं? लिफ्ट के पास वाला रूम देता हूँ.’ दादाने फोन स्पीकरवर ठेवला होता. आईचं नाव निघालं आणि वहिनीने मान हलवली. आपल्याकडच्या लॉजवाल्याने असा प्रश्न कधी विचारल्याचं मला आठवत नाही. तिथेच सौदा झाला, भाव तर नंतर ठरला.

भाव असा: तीन खोल्या, जायच्या आधी एक रात्र आणि जहाजावरून उतरल्यावर एक रात्र, खोलीला 3,400. एकूण 20,400. निम्मे 10,200 आगाऊ. व्हॉट्सॲपवर हॉटेलच्या चिन्हासकट व्हाउचर आलं. ते आजही माझ्याकडे आहे आणि आता पाहिलं की त्यात काय काय होतं ते दिसतं. ‘18% जीएसटी समाविष्ट’ असं त्यावर छापलं आहे. रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे, आधी 12 होता. 18 टक्के या भावाच्या खोलीवर ऑक्टोबर 2019 पासूनच नाही. जीएसटी नंबर मात्र पंधरा अक्षरी, खरा दिसणारा. तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. नंतर टाकून पाहिला तर निघाला एका फर्निचरच्या दुकानाचा, तोही रद्द झालेला.

उतरल्यावरच्या रात्रीचंही सांगून ठेवतो. जहाज सकाळी धक्क्याला लागतं. विदर्भ एक्सप्रेस आणि अमरावती एक्सप्रेस दोन्ही संध्याकाळी सीएसएमटीहूनच सुटतात. त्या रात्रीची खोली आम्हाला लागतच नव्हती. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकून दिवसभर गेटवे, राणीबाग करता आलं असतं. पण तो म्हणाला, ‘क्रूझ लेट होता है सर, सेफ रहेगा.’ आणि आम्हाला ते पटलं.

पैसे दादाच्या फोनवरून यूपीआयने गेले. पाठवताना स्क्रीनवर हॉटेलचं नाव नाही, एका बाईचं नाव आलं. दादाने तसं विचारलंही. ‘हमारी अकाउंटंट मॅडम है सर, हॉटेल का मशीन मंडे को चालू होगा.’ 30 जून 2025 पासून यूपीआय ॲपमध्ये समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दिसायला हवं असा नियम आहे. म्हणजे दिसलेलं नाव खरं होतं, सांगितलेली गोष्ट खोटी होती.

अर्ध्या तासाने फोन: रक्कम सिस्टिममध्ये ‘मॅच’ होत नाही, अर्धी रक्कम सिस्टिम घेत नाही, पूर्ण 20,400 एकदम पाठवा, आधीचे 10,200 दहा मिनिटांत आपोआप परत. दादा संध्याकाळी वखारीत होता, तुरीचा काटा चालू होता, मागे हमालांचा गलका. घाईत त्याने 20,400 पाठवले. पुन्हा फोन: पोर्टमध्ये जायला ‘पोर्ट एंट्री पास’ लागतो, माणशी 750, उद्या साइट बंद होते. गेले 4,500. या पासाविषयी एकच वाक्य: बॅलार्ड पिअरच्या ग्रीन गेटवर जहाजाचं बोर्डिंग पास आणि फोटोचं ओळखपत्र पाहतात, हॉटेलवाल्याकडून विकत घ्यायचा कुठलाही पास नसतो.

मग परतावा. त्याने व्हॉट्सॲपवर एक क्यूआर पाठवला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘रिफंड 10,200’. स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा. दादा घरी आला होता, जेवायला बसायचा होता. पुतणी सुटीत घरी होती. तिने फोन बघितला.

‘बाबा, पैसे घ्याले पिन कायले लागते?’

दादा म्हणाला, ‘रिफंड आहे नं ते.’

‘आपल्या खात्यात पैसे येतात तवा आपण कधी पिन टाकली काय? दुधाचे पैसे येतात, तवा?’

दादा काही बोलला नाही. तिने फोन घेतला, त्या हॉटेलवाल्या म्हणवणाऱ्याला लावला आणि म्हणाली, रिफंड आमच्या नंबरवर टाका, क्यूआर नको. तो आधी समजावत होता, मग आवाज चढला, मग ‘आपका बुकिंग कैन्सल, पैसा जब्त’ म्हणाला. तिने कॉल रेकॉर्ड केला होता. आमच्या घरात त्या रात्री जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही, पण चौथा हप्ता वाचला.

तिने पोर्टलवर, म्हणजे cybercrime.gov.in वर, आणि 1930 वर लगेच तक्रार केली. हा केंद्र सरकारचा नंबर आहे, चोवीस तास चालतो. लाइन लागायला वेळ लागला, चिकाटी ठेवावी लागली. त्यांनी विचारलं ते असं: कुठल्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर नंबर. तो यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. ही माहिती आधी कागदावर लिहून मग फोन लावा, नाहीतर पलीकडची बाई थांबून राहते आणि इकडे घरातली सगळी एकाच वेळी बोलतात. तक्रार नोंदल्यावर पोचक्रमांकाचा मेसेज आला. ज्या खात्यात पैसे गेले, तिथे शिल्लक असेल तर बँक ती गोठवते. आमच्या बाबतीत फक्त शेवटचे 4,500 सापडले. आधीचे दोन हप्ते तासाभरात पुढच्या दोन खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते.

बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठाण्यात मात्र पहिल्यांदा ‘हा मुंबईचा मॅटर आहे, तिकडे द्या’ म्हणाले. आमच्या ओळखीच्या वकिलाने सांगितलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली कुठल्याही ठाण्यात, हद्द न पाहता गुन्हा नोंदवता येतो. दुसऱ्या दिवशी व्हाउचर, क्यूआरचा फोटो, चॅट, कॉल रेकॉर्डिंग आणि बँक स्टेटमेंट अशी फाइल घेऊन गेलो. मग नोंदवून घेतलं. फसवणुकीचं भारतीय न्याय संहितेचं कलम 318, आणि तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड. चॅट कुणी चिडून डिलीट करू नका. आमच्या वहिनीने ‘ते मेलं काढून टाका’ म्हणून फोन जवळजवळ हिसकावलाच होता.

ठाण्यातल्या तरुण हवालदाराने सांगितलं की पुरीच्या हॉटेलांची, केदारनाथच्या हेलिकॉप्टरची अशीच प्रकरणं त्याच्या टेबलावर येतात. केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांच्या खोट्या बुकिंगबद्दल जाहीर सूचना दिली होती, त्यात केदारनाथचं हेलिकॉप्टर आणि सोमनाथचं अतिथीगृह ही नावं होती. आपल्याला अशा सूचना कळतात त्या नंतर. शेगावला जाऊन खोलीसाठी रांगेत उभं राहणाऱ्या माणसाला हॉटेलच्या आगाऊ पैशांची सवयच नसते, हेही आहे.

जहाज तर चुकवायचं नव्हतं, आईचं मन नव्हतं मोडायचं. मुक्कामाचं नव्याने बघितलं तेव्हा आम्ही उलट्या क्रमाने गेलो. पुतणीने त्याच फोर्टातल्या हॉटेलची स्वतःची साइट उघडली, तिथला लँडलाइन नंबर घेतला. 022 ने सुरू होणारा. फोन लावला तर पलीकडचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, ‘तुम्ही पाचवे सहावे असाल या आठवड्यात.’ त्यांनी नकाशावाल्यांना, पोलिसांना कळवलं होतं म्हणे, नंबर काढला की दुसरा येतो. त्याच्याकडे खोल्या नव्हत्या. आणखी दोन ठिकाणी विचारलं तर चेक-इनलाच पैसे घेणारी जागा मिळाली, आगाऊ काही नको, फक्त गाडीचं तिकीट व्हॉट्सॲपवर. सीएसएमटीलाच रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या साइटवरून मिळतात. तिथे झोपायचे पॉडही, म्हणजे माणूस झोपेल एवढे बंद कप्पे, आहेत. आईने पॉडचा फोटो पाहून ‘याच्यात मले कोंडू नका’ असं स्पष्ट सांगितल्याने तो विषय तिथेच संपला.

स्टेशनहून पिअरपर्यंत टॅक्सीने दहा मिनिटं, मीटरने या. बॅलार्ड पिअरला 2025 च्या सप्टेंबरात नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं. एक रात्र फोर्टात झोपलो आणि दुसऱ्या दिवशी निवांत चेक-इन केलं. गाडी खरोखर अडीच तास उशिरा आली होती, म्हणून आदल्या दिवशी येण्याचा विचार बरोबरच होता. पावसाळ्यात बहुतेक जहाजं मुंबई सोडतात, त्या तारखा विकणारा कुणी भेटला तर त्याच्याशी बोलूच नका.

पैशांचं आता असं आहे. गोठवलेले 4,500 मिळायला आम्हाला कोर्टात अर्ज करावा लागला, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली. पोलिसांचा अहवाल बाकी आहे, लोकअदालतीत निघेल असं वकील म्हणतात. उरलेले 30,600 त्या अकाउंटंट मॅडमच्या खात्यातून कुणाकडे गेले ते पोलिसांना कळलं आहे, मला सांगितलेलं नाही. खातं त्या बाईचंच, पण ती बाई पैसे घेऊन खातं भाड्याने देणारी निघाली, एवढं ऐकलं. आपलं खातं किंवा सिमकार्ड दोन-तीन हजारांत वापरायला देणारी पोरं आपल्या गावातही आहेत, त्यांच्या आईबापांनी हे नीट वाचावं.

पुतणीने परवा तो नंबर दुसऱ्या फोनवरून शोधून पाहिला. फोर्टातल्या हॉटेलवरून तो निघाला आहे. आता पणजीतल्या एका गेस्ट हाऊसच्या नावाखाली दिसतो.