सात महिने, सहा ट्यूबा आणि एक पूर्ण बाह्यांचा शर्ट

सासरी मला पहिल्या दिवसापासून ‘इंग्रजीण’ म्हणतात. घारे डोळे, पांढुरकी कातडी आणि उन्हात अर्धा तास उभी राहिले की नाकाचा टोमॅटो. बेळगावात हे निभावून जायचं. स्कूटरवर स्कार्फ बांधला, दुपारी खडेबाजारात जायचं टाळलं, की झालं. पण नोव्हेंबरात ह्यांची बदली मडगावला झाली आणि माझी नऊ वर्षांची लेक (रंग माझा, हट्ट बापाचा) समुद्राच्या प्रेमात पडली. तेव्हापासून मेअखेरपर्यंत आम्ही बारा वेळा गेलो. बेळगावहून रेल्वेनं लोंढा, कॅसलरॉक करत घाट उतरायचा आणि रविवारी कोलवा नाहीतर बाणावली, सुट्टी जोडून आली तर पाळोळे. म्हणजे उन्हापासून कातडी वाचवण्याचा हा अनुभव एका सहलीचा नाही, पाण्यात आणि वाळूत भरपूर घासूनपुसून बघितलेला आहे.

काय वापरलं ते आधी सांगते. एसपीएफ (कातडी भाजण्यापासून किती बचाव, तो आकडा) ५० आणि पीए++++ लिहिलेली जेलसारखी सनस्क्रीन, ५० ग्रॅमची ट्यूब, साधारण पाचशे रुपयांना. लेकीसाठी काही दिवस झिंक ऑक्साइडवाली पांढरी क्रीम. पोहताना घालायचे पूर्ण बाह्यांचे, यूपीएफ (कापड किती अतिनील किरणं अडवतं, तो आकडा) ५०+ लिहिलेले दोन शर्ट. आणि चारही बाजूंनी रुंद काठ असलेली टोपी. कंपन्यांची नावं देत नाही, कारण खरं सांगायचं तर फरक कंपनीनं पडलाच नाही.

पहिली वारी फसली. ट्यूब नवी, एसपीएफ ५०, मला वाटलं आता काय भीती. तोंडाला, हातांना बोटभर क्रीम चोळली, लेकीला लावली आणि साडेदहा ते दीड पाण्यात. हवा इतकी गार की ऊन आहे असं वाटेचना. संध्याकाळी थोडी लाली होती. रात्री दहानंतर खांद्यांवर कुणी निखारा धरलाय असं व्हायला लागलं. सोमवारी ऑफिसात ब्लाउजची शिवण टेकवत नव्हती. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, “काय ओ मॅडम, अंगावर काय उठलंय?” चौथ्या दिवसापासून पापुद्रे सुटायला लागले. सगळ्यात वाईट जागा दोन: पावलांचा वरचा भाग, जिथं चपलेचा पट्टा येतो, आणि केसांचा भांग. भांगाला क्रीम लावायची असते हे कुणाच्या डोक्यात येतं? आठवडाभर कंगवा फिरवताना डोळ्यात पाणी यायचं आणि खांद्यावर कोंडा पडावा तशी कातडी पडायची.

आपल्याकडे ‘ऊन लागलं’ म्हटलं की डोकं दुखणं, चक्कर, कांद्याचा रस असलं डोळ्यापुढं येतं. ‘रापणं’ म्हणजे नुसतं काळं पडणं. कातडी भाजण्याला वेगळा असा शब्दच रुळलेला नाही, कारण बहुतेकांना तो अनुभवच नसतो. त्यामुळं “तुला काय गं, गोरीला, कशाला क्रीम?” हे मी किमान दहा जणींकडून ऐकलंय. उलट आहे. गोऱ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, कमी, म्हणून ती आधी भाजते. दुकानात सनस्क्रीन मागितली तर समोरचा गोरं करणारी क्रीम काढून ठेवतो, तो वैताग वेगळाच. मला आणखी गोरं होऊन कुठं जायचंय?

तर चूक कुठं झाली? मापात. दुसऱ्या वारीआधी मी केकसाठी आणलेल्या काट्यावर ट्यूब ठेवली. नवीकोरी मोजली होती, आता परत मोजली. दोघींना मिळून चार ग्रॅम वापरली होती! एसपीएफचा आकडा काढताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला हे माप सुमारे ३५ ग्रॅम होतं, म्हणजे चहाचे सात चमचे: एक तोंड-मानेला, दोन्ही हातांना एकेक, छातीपोटाला एक, पाठीला एक, पायांना एकेक. नुसत्या तोंड-मानेसाठी दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढायची. मी पहिल्यांदा चमच्यानं मोजून हातावर घेतलं तेव्हा वाटलं, हे काय, श्रीखंड खायचंय की काय. पण तेवढंच लागतं. बोटाच्या टोकावर थेंब घेऊन तोंडभर पसरवणारे सगळे (मीही त्यातलीच) ५० च्या नावाखाली भलतंच काहीतरी कमी लावत असतात. आणि ३० व ५० मध्ये फार आकाशपाताळाचा फरक नाही. बरोबर मापात लावली तर ३० सुमारे ९७ टक्के भाजणारी किरणं अडवते, ५० सुमारे ९८. पीएपुढची अधिक चिन्हं दुसऱ्या जातीच्या, खोल जाणाऱ्या किरणांसाठी आहेत. ज्यांना वांग येतात त्यांनी ती बघून घ्यावी. मी बघते.

आता हिशेब करा. ग्रॅमला दहा रुपये धरले तर अंगभर एकदा लावायला साडेतीनशे. दर दोन तासांनी आणि पाण्यातून येऊन टॉवेलनं पुसलं की परत. एका माणसाचे एका सकाळचे सातशे रुपये! इथं मला शर्टाचं महत्त्व कळलं.

तो शर्ट मी आधी हसण्यावारी नेला होता. पार्सल आलं तेव्हा आम्ही खानापूरकडं, सासूबाईंच्या घरी होतो. त्यांनी शर्ट उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, “हे घालून समुद्रात जाऊलालीस की भात लावायला?” खरं तर तेच. आमच्याकडं रताळी काढायला, भात लावायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात आणि दिवसभर वाकून काम करतात. त्यांना यूपीएफ कुणी शिकवलं नव्हतं. यूपीएफ ५० म्हणजे त्या कापडातून पन्नासातला एकच भाग आत येतो. साधा पांढरा सुती टी-शर्ट पाचाच्या आसपास असतो आणि ओला झाला की त्याहून खाली. पहिल्या वारीत लेकीला तोच पांढरा सुती घातला होता, म्हणून तिची पाठही गुलाबी झाली होती.

शर्ट आणि घोट्यापर्यंतच्या लेगिंग्ज घातल्यावर क्रीम लावायला उरतं काय? तोंड, मान, कान, हाताचे पंजे, पावलं. मला आठ ग्रॅम, लेकीला पाच. दोन वेळा लावली तरी सव्वीस, म्हणजे एक ट्यूब जवळपास दोन वाऱ्या पुरते. बारा वाऱ्यांना सहा ट्यूबा, तीन हजार रुपये. दोन शर्टांचे मिळून अठराशे. शर्ट अजून धड आहेत, फक्त लेकीच्या शर्टाचा बसायच्या जागी वाळूनं खरखरीत गोळा झालाय. गडद रंग घ्या. पहिला मी फिकट पिवळा घेतला आणि ओला झाल्यावर लाजून टॉवेल गुंडाळून बसले.

छत्रीवर मात्र विसंबू नका. फेब्रुवारीत मी भाड्याच्या छत्रीखाली दोन तास पुस्तक वाचत बसले, शर्ट काढून, कारण सावलीत तर आहे. डावा दंड भाजला. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणं परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्के, आणि उघड्या आकाशातून येतात ती निराळीच. पाण्यात बुडून राहिलं तरी सुटका नाही, अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या ४० टक्के पोचतात. विरळ ढग तर काही अडवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. वाऱ्यानं, गारव्यानं फसायला होतं. झळ लागणं वेगळं आणि भाजणं वेगळं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, हवा गार, म्हणून आपण बिनधास्त असतो. उंचीनं उलट ही किरणं थोडी वाढतातच.

घड्याळापेक्षा सावली बरी, हे लेकीला मी शिकवलं आणि आता तीच मला ओरडते. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की पाण्याबाहेर. मेच्या पहिल्या आठवड्यात तर आपल्या भागात भरदुपारी सावली पायाखालीच येते, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत आम्ही नऊ-साडेनऊला परत आणि चारनंतर पुन्हा. मधल्या वेळात मासे आणि झोप. ह्यांना हा कार्यक्रम सगळ्यात जास्त आवडला.

आता तक्रारी. जेल घामाबरोबर डोळ्यात उतरते आणि झोंबते, अगदी कांदा चिरल्यासारखी. कपाळाला लावायचं बंद केलं, टोपी खाली ओढली, तेव्हा थांबलं. डब्यावर ‘वॉटर रेझिस्टंट’ आहे पण किती मिनिटं ते नाही. अमेरिकेत ४० किंवा ८० मिनिटं असं छापावंच लागतं, आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणायलाच मनाई आहे. मी चाळीस धरून चालते. लेकीची झिंकवाली क्रीम झोंबत नाही, पण चेहरा दशावतारातल्या पात्रासारखा पांढरा. दोनदा लावून घेतली, तिसऱ्या वेळी “मी नाही राजा होणार” म्हणून पळाली. आता ती फक्त नाकाला आणि कानांच्या शेंड्यांना लावतो.

एक ट्यूब चक्क वाया गेली. गावातल्या एका दुकानातून आणलेली, काचेच्या कपाटात उन्हात मांडलेली असणार, कारण उघडली तर आधी पाणी आलं आणि मागून गुठळ्या. तारीख शिल्लक होती. दुकानदार बदलून देईना, म्हणे उघडलेली घेत नाही. न उघडता कळणार कसं, यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी समोर मांडलेली घेत नाही, आतल्या खोक्यातली काढायला लावते, आणि समुद्रावर ट्यूब ओल्या पंचात गुंडाळून पिशवीत ठेवते.

सगळ्यात विचित्र प्रकार डागांचा. माझ्या पांढऱ्या कुर्त्याची कॉलर धुतल्यावर गंजल्यासारखी नारिंगी झाली. आधी वाटलं आपली तांबडी माती. मग कळलं, क्रीममधलं अव्होबेंझोन नावाचं किरणं अडवणारं रसायन पाण्यातल्या लोहाशी जुळलं की गंजाचा रंग धरतं, आणि आमच्या बोअरच्या पाण्यात लोह भरपूर. ब्लीच घातलं तर डाग आणखी पक्का झाला. सायट्रिक ॲसिड, नाहीतर लिंबू चोळून ठेवून मग धुतलं तर बराचसा जातो. लिंबू कपड्यालाच हं, अंगाला नको. समुद्रावर लिंबूसरबत पिळलेले हात तसेच उन्हात ठेवले तर कातडीवर फोड आणि काळे चट्टे येतात. टॅन घालवायला लिंबू चोळून उन्हात बसणाऱ्यांना हे जरा जाऊन सांगा.

भाजल्यावरचे उपाय पहिल्या वारीनंतर सगळे करून झाले. कामाला आलं ते गार पाण्याची (बर्फाची नाही) अंघोळ, ओला पंचा, तुळशीशेजारच्या कुंडीतली कोरफड, आणि भरपूर पाणी. सासूबाईंनी ताक लावायला लावलं. गार वाटलं, पण रात्रभर अंगाला कढीचा वास. खोबरेल ताज्या भाजण्यावर लावू नये, आत ऊब कोंडते; पापुद्रे सुटायला लागल्यावर लावलं तर बरं. आणि ऊन अडवायला खोबरेल लावा असं सांगणाऱ्या आत्याबाईंना नमस्कार, त्या प्रयोगाच्या खुणा माझ्या लहानपणीच्या कारवारच्या फोटोत आहेत. मोठे फोड, ताप, थंडी वाजणं असेल तर मात्र घरी खेळ करू नका, डॉक्टरांकडं जा. माझ्या बहिणीचं चार महिन्यांचं बाळ आमच्याबरोबर आलं होतं, त्याला क्रीम लावलीच नाही. सहा महिन्यांच्या आत नुसती सावली आणि झबलं.

एप्रिल-मेच्या वाऱ्यांत आम्ही दोघी एकदाही भाजलो नाही. थोड्या रापलो, पंजांवर बाहीच्या टोकाशी सरळ रेघ उमटली आहे, हातमोजे घातल्यासारखी. पैशाला किंमत म्हणून शर्टाला पाचात पाच, टोपीला चार (वाऱ्यात उडते, दोरी लावून घ्या), क्रीमला साडेतीन.

आता पाऊस लागला, गोव्यात समुद्रावर लाल बावटे, ऑक्टोबरपर्यंत वारी बंद. फ्रिजच्या दारात अर्धी ट्यूब आहे, तारीख सप्टेंबरची. स्कूटरवर जाता-येता हाताला लावून गणपतीपर्यंत संपवायची आहे. आणि लेकीला पुढचा शर्ट एक साइज मोठा.