छायाचित्रावर शीर्षक की छायाचित्राशेजारी?

लातूर-परभणीकडे स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकापुढे मुखपृष्ठाचे दोन नमुने आले, की निवड बहुधा कोणते छायाचित्र देखणे यावर होते. पाहायचे असते ते हे, की छायाचित्रात अक्षरांना जागा आहे का.

पानभर छायाचित्र आणि त्यावरच शीर्षक, हा पहिला प्रकार. पुस्तकाचा भाव तो एका नजरेत पोचवतो. दुष्काळावरच्या कथासंग्रहासाठी मांजरा धरणाच्या भेगाळलेल्या तळाचे छायाचित्र हमखास सुचते. त्यावर ‘दुष्काळ’ हा शब्द मध्यम जाडीत ठेवून पाहावा. ‘दु’चा उकार भेगेत मिसळतो आणि अर्धा ‘ष’ शोधावा लागतो, कारण त्या भेगांची जाडी आणि अक्षरांची जाडी सारखीच असते. शिरोरेषेचे भान तर फारच थोडे ठेवतात. शिवाराचे क्षितिज तिला लागून गेले, तर दोन आडव्या रेघा एकमेकींशी भांडतात. तेच क्षितिज पानाच्या खालच्या तिसऱ्या भागात घेतले, तर शीर्षक मोकळ्या आभाळात सुटे वाचता येते. शिवाय गडद भागावर पांढरी, बारीक अक्षरे घेतली आणि छापताना रजिस्टर, म्हणजे एकावर एक छापल्या जाणाऱ्या रंगांची जुळणी, केसभर हलले, तर काने-मात्रा बुजतात. म्हणून येथे ‘मुक्ता’सारख्या टंकाची (फॉन्टची) जाड वजनेच, म्हणजे ठळक रूपेच, घ्यावीत.

दुसऱ्या प्रकारात छायाचित्र चौकटीत राहते आणि शीर्षक सपाट रंगाच्या पट्ट्यावर येते. हे मुखपृष्ठ कधी कधी अहवालासारखे कोरडे दिसते, हे मान्य. पण छायाचित्र कमकुवत असेल तर तेच सांभाळून घेते. 5.5 × 8.5 इंचांच्या पानाला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) किमान 1650 × 2550 पिक्सेल लागतात, कटिंगसाठी सोडायची कड वेगळीच. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या छायाचित्राची लांब बाजू 1600 पिक्सेल असेल, तर ते पानभर ताणल्यावर फुटते; सव्वापाच इंच उंचीच्या चौकटीत मात्र स्वच्छ छापले जाते.

अक्षरांच्या आत छायाचित्र भरण्याचा तिसराही प्रकार आहे, पण तो दोन-तीन जाड अक्षरांच्या शीर्षकापुरताच.

आभाळ, भिंत किंवा पाणी अशी शांत जागा छायाचित्रात असेल, तर मी पहिला प्रकार घेईन. ऊसतोड करणाऱ्या बाईचा चेहरा असेल, तर न अडखळता दुसरा. तिच्या कपाळावरून शीर्षक नेणे मला कोणत्याही मांडणीसाठी मान्य नाही.