सिटी ऑफ हीरोज : स्वतःचा सुपरहिरो घडवण्याचे समाधान

कॉमिक्सच्या खऱ्या चाहत्याला स्वतःचा नायक घडवण्याची ओढ असते आणि ती ‘सिटी ऑफ हीरोज’इतकी ओळखणारा दुसरा ऑनलाइन खेळ माझ्या पाहण्यात नाही. २००४ साली सुरू झालेला हा खेळ नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाला. २०१९ मध्ये चाहत्यांनी ‘होमकमिंग’ या नावाने तो पुन्हा उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्ट या मूळ प्रकाशकाने त्यांना रीतसर परवाना दिला. खेळण्यास शुल्क नाही. सर्व्हरचा खर्च देणग्यांतून भागतो.

पोशाख रचण्यातच माझी पहिली संध्याकाळ गेली, कारण हातमोजे, मुखवटा, झगा यांचे आकार आणि रंग स्वतंत्रपणे निवडता येतात. त्याहून मोलाची वाटली ती पात्राची पूर्वकथा लिहिण्याची छोटी चौकट. भूमिका वठवणारे खेळाडू ‘एव्हरलास्टिंग’ सर्व्हरवर जमतात आणि ‘पॉकेट डी’ या नाइटक्लबमध्ये, जिथे नायक आणि खलनायक दोघांनाही प्रवेश आहे, एकमेकांची पूर्वकथा वाचून मगच संवाद सुरू करतात. माझ्या नायिकेला तिथे एका अनोळखी खलनायकाने थेट तिच्या हरवलेल्या भावाबद्दल विचारले, तेव्हा मी लिहिलेल्या चार ओळींचे सार्थक झाले.

चित्रांकनात वय जाणवते आणि मोहिमांतील गोदामे तीच ती वाटतात. तरीही ज्याला लढण्याइतकीच पात्र जगण्याची हौस आहे, त्याने हा खेळ अवश्य खेळावा.