कपहेड: रिट्राय मारणं म्हणजे रडीचा डाव?

कपहेड २०१७ चा व्हिडिओ गेम: उड्या मारत, गोळ्या झाडत एकेका बॉसला, म्हणजे मोठ्या शत्रूला, हरवायचं. कॅनडाच्या स्टुडिओ एमडीएचआरनं १९३० च्या दशकातल्या कार्टूनच्या धर्तीवर फ्रेम न् फ्रेम हातानं काढली आहे. चित्रं बघत बसावीशी वाटतात, आणि बघत बसलात की मेलात.

पुण्यातल्या गेमिंग कॅफेत यावरून हमखास जुंपते: पहिला फटका बसताच पॉज करून रिट्राय (लढाई पुन्हा पहिल्यापासून) दाबणाऱ्याची ए प्लस ही श्रेणी खरी धरायची का?

बॉस हरल्यावर येणारं स्कोअरकार्ड आणि त्यातलं पूर्ण गुणांचं लक्ष्य बघा. वेळ (बहुतेक बॉसना दोन मिनिटांच्या आसपास), उरलेले एचपी (जीव) ३, पॅरी (गुलाबी वस्तूला हवेतच पुन्हा उडीचं बटण दाबून मारलेली थाप) ३, सुपर मीटरचे (बॉसला मारत गेलं की भरणाऱ्या पट्टीचे) वापरलेले पत्ते ६ आणि लेव्हल, म्हणजे किती अवघड खेळलात ते. कितव्या खेपेला जिंकलात, हा रकानाच नाही. रेग्युलर या नेहमीच्या लेव्हलवर कितीही चोख खेळा, ए प्लसच्या वर मिळत नाही. एस ही त्यावरची श्रेणी हवी तर एक्स्पर्ट ही सगळ्यांत अवघड लेव्हल, आणि ती शेवटच्या बॉसला, सैतानाला, हरवल्यावरच उघडते.

बॉसच्या लढाईत चेकपॉइंटही (मधूनच पुन्हा सुरू करायची जागा) नाही. मेलात तरी पहिल्यापासून, रिट्राय दाबलं तरी पहिल्यापासून. बिघडलेला डाव जरा आधी मोडला, एवढाच फरक. पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे पुण्यातल्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमीत वाक्य चुकलं की प्रवेश पुन्हा घेतात, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. प्रयोग मात्र सलग व्हावा लागतो, आणि इथली प्रत्येक ए प्लस सलग डावाचीच असते.

रडीचा डाव तो वेगळाच: पीसीवर सेव्ह फाइलमध्ये (खेळातली प्रगती साठवणाऱ्या फाइलमध्ये) हात घालणं, दोन डावांचे तुकडे जोडून एक व्हिडिओ करणं, चाळिसाव्या खेपेचा स्कोअर ‘पहिल्याच झटक्यात’ म्हणून मिरवणं. बॉसचे हल्ले दर वेळी त्याच क्रमानं येत नाहीत, म्हणून सोपा क्रम पडेपर्यंत रिट्राय मारणारेही असतात. नियमात बसतं, पण जरा पोरकटच.

खरा तोटा सरावाचा होतो. दहाव्या सेकंदाला रिट्राय मारणाऱ्याचा पहिला टप्पा तोंडपाठ होतो आणि शेवटचा दिसतच नाही. तेव्हा आधी फटके खात शेवटपर्यंत जा. मेल्यावर दिसणाऱ्या पट्टीवर किती मजल मारलीत ते कळतं. गुलाबी वस्तू कुठल्या टप्प्यात येतात ते हेरा, जमल्यास तिन्ही पॅरी लवकर उरका. ईएक्स या जोरदार माऱ्याला एक पत्ता लागतो, सुपर या सगळ्यांत मोठ्या माऱ्याला पाच. पाच साठवत बसलात तर वेळ हुकते, त्यापेक्षा पत्ता भरला की ईएक्स मारत सहा पूर्ण करा. डॅशमध्ये (झटक्यात पुढे सरकताना) फटका चुकवणारा स्मोक बॉम्ब गेममधल्या दुकानातून आधी घ्या.

गेम घ्यावाच असा आहे. कॅफेत खेळणार असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना ते बघा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा दिसते आणि पॅरी हुकते. गेमपॅडचं बटण अडकत असेल तर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराची तपकीर गल्ली गाठा, बोटांना दोष नंतर द्या.