गोव्याच्या जुन्या घरांचा ‘रेफरन्स पॅक’ विकत घेताय? आधी हे वाचा

गेम बनवणाऱ्यांनो, त्यातही लेव्हल, म्हणजे गेममधल्या जागा, डिझाइन करणाऱ्यांनो, सध्या टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर गोव्यातल्या जुन्या घरांच्या फोटोंचे संच विकले जातायत, ते बघून तशा जागा गेममध्ये बांधता याव्यात म्हणून. पणजीतल्या आमच्या छोट्या टीमने त्यातला एक साडेआठ हजारांना घेतला आणि आम्ही सरळसरळ फसवले गेलो. पैसे गेलेच, पण त्याहून जास्त काम वाया गेलं. हीच युक्ती उद्या कोकणातल्या वाड्यांच्या किंवा घाटांच्या नावाने तुमच्यापर्यंत येईल, म्हणून सगळं लिहितोय.

पणजीत राहून फोटो विकत कशाला, असं कुणी विचारेल. फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्या आम्ही स्वतः टिपल्या आहेत, तेही जपून, कारण फोटोवाल्यांच्या गर्दीला तिथले रहिवासी कंटाळलेत आणि कित्येक घरांवर तशा पाट्याही आहेत. अडलं होतं ते घरांच्या आत. राजांगणाभोवतीची (घरातल्या मोकळ्या चौकाभोवतीची) पडवी, बाल्कांवातून, म्हणजे दारापुढच्या ओसरीतून, दिवाणखान्यात जाताना लागणारी पायरी, माळ्यावर चढणारा अरुंद जिना, हे बाहेरून दिसत नाही आणि अनोळखी माणसाला कुणी कॅमेरा घेऊन आत सोडत नाही. विकणाऱ्याने नेमकं तेच देऊ केलं. अस्खलित मराठीत बोलायचा, फोंड्याचा आहे म्हणाला. “दादा, घरमालक सगळे ओळखीचे. लेखी परवानग्या आहेत, त्यांची पत्रं पॅकमध्येच घालतो.” नमुन्याचे फोटो सुंदर होते. निम्मे पैसे आधी, निम्मे लिंक देण्याआधी, दोन्ही वेळा यूपीआयने.

लिंक उघडली तर तीन हजारांच्या आसपास चित्रं. पहिल्या नजरेत सगळं गोव्याचंच वाटतं: पिवळ्या-निळ्या भिंती, कौलं, तुळशीवृंदावन, ओली पावसाळी गल्ली. मूडबोर्डवर, म्हणजे वातावरण ठरवायला चित्रं लावतात त्या फळ्यावर, लावलं की छान दिसतं, आणि विकणाऱ्याचा धंदा उभा आहे तो यावरच. पण लेव्हल बांधायला नुसता मूड पुरत नाही. एकच जागा चार बाजूंनी दिसावी लागते. दारातून उजवीकडे काय आहे, जोतं जमिनीपासून किती वर, खिडकी माणसाच्या छातीला येते की डोक्याच्या वर. आम्ही ग्रेबॉक्स, म्हणजे साध्या ठोकळ्यांचा कच्चा आराखडा, करायला घेतला आणि एका राजांगणाचा दुसऱ्या कोपऱ्यातून काढलेला फोटो शोधू लागलो. नव्हता. त्या अख्ख्या संचात एकाही खोलीचा दुसरा फोटो नाही. खरा फोटोग्राफर एका खोलीत शिरला की पुढेमागे सरकत दहा-वीस फोटो काढतोच. इथे प्रत्येक चित्र एकटं होतं, कारण ती खोली मुळात कुठेच नव्हती. बहुतेक चित्रं एआयने बनवलेली.

मग एकेक दिसायला लागलं. एका चित्रात जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलला दोन मनोरे. खरं तर त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला, तेव्हापासून तिथे एकच आहे आणि समोर उभं राहिलं की तो डाव्या हाताला दिसतो. चिऱ्याची भिंत म्हणून दिलेल्या चित्रात विटांएवढे बारीक थर, आणि जांभ्याची ती भोकाभोकांची खरबरीत पोत कुठेच नाही. नावाच्या निळ्या टाइल्सवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नाहीत. काही फोटो मात्र खरे होते, पण ते पुदुच्चेरीचे. रस्त्यांच्या पाट्यांवरचा तमिळ मजकूर पुसलेला, एका ठिकाणी अर्धवट राहिलेला.

खिडक्यांचं तर पणजीच्या मळा भागातल्या एका वयस्कर मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, दाखवून दिलं. जुन्या खिडक्या दुरुस्त करण्यात त्यांचा हात तयार आहे. त्यांच्या पुढ्यात लॅपटॉप ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, चित्र मोठं करायला लावलं आणि म्हणाले, “हे शिंपले चिकटवलेत काय रे? चिकटवत नाहीत. दोन लाकडी पट्ट्यांच्या खाचेत सरकवतात.” घरातून एक सुटा शिंपला आणून त्यांनी माझ्या हातावर ठेवला: चपटा, कडा कापून चौकोनी केलेला, जेमतेम तळहाताएवढा, उजेडापुढे धरला की दुधाळ दिसणारा. काच परवडत नव्हती तेव्हा खिडकीला हाच लावायचे. आमच्या चित्रात मात्र गोल, फुगीर, समुद्रावर वेचतात तसले शिंपले काचेवर डकवलेले होते. त्या चित्रावरून आम्ही खिडकीचं मॉडेल बनवून अख्ख्या गल्लीला लावलं होतं. सगळं काढावं लागलं.

नमुन्याचे सुंदर फोटो गूगल लेन्समध्ये टाकले तेव्हा त्यांचाही उलगडा झाला. ते विकिमीडिया कॉमन्सवरचे निघाले. ज्या परवान्यावर ते तिथे ठेवलेत, त्यात फोटोग्राफरचं नाव देणं बंधनकारक आहे. विकणाऱ्याने फोटो कापून नावं उडवली आणि स्वतःचे म्हणून विकले. म्हणजे फुकट मिळणारी वस्तू, तीही चोरून. परवानगीची पत्रं एकाच अक्षरात लिहिलेली, त्यांवरचे फोन लागत नाहीत.

यातला धोका साडेआठ हजारांवर थांबत नाही. संचातल्या भिंती आम्ही टेक्स्चर म्हणून, म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र म्हणून, गेममध्ये वापरल्या होत्या. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर गेम देताना जनरेटिव्ह एआयचा वापर जाहीर करावा लागतो, आणि आम्हाला आपण तो केलाय हेच माहीत नव्हतं. वर, दुसऱ्याच्या फोटोतून भिंत उचलली असेल तर उद्या तो फोटोग्राफर आम्हालाच जाब विचारणार, विकणारा तोवर पसार. चुकीची खिडकी एकदा गेममध्ये गेली की जगभरची पोरं तिलाच गोवा समजतील, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

आता आम्ही कुणाकडूनही संच घ्यायचा तर पैशांआधी एकच मागणी करतो: आम्ही सांगू त्या एका दाराचे सलग काढलेले मूळ फोटो, कॅमेऱ्यातून आले तसे, आणि एकात तरी दाराशेजारी माणूस किंवा मोजपट्टी उभी. खरा माणूस ते पाच मिनिटांत पाठवतो. “वॉटरमार्कमुळे जमत नाही”, “आजच ऑफर संपतेय” असं सुरू झालं की तिथेच थांबा. घराचा आतला भाग बघायचा तर तोर्ड्याचं हाऊसेस ऑफ गोवा संग्रहालय आहे. पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत गोव्यावरची जुनी पुस्तकं बसून चाळता येतात.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि लिंकचे स्क्रीनशॉट विकणाऱ्याने खातं उडवण्याआधी काढून ठेवा. आम्हाला विकणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी उडवलं. आमची तक्रार नोंदली गेली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

तो आता नव्या नावाने परत आलाय आणि जाहिरातीत तोच पहिला फोटो लावतोय: पिवळी भिंत, निळ्या चौकटीची बंद खिडकी, खाली कोपऱ्यात नंबरप्लेट पुसलेली स्कूटर. दिसला तर पैसे पाठवू नका, आणि ज्या ग्रुपवर दिसेल तिथल्या अ‍ॅडमिनला लगेच कळवा.