आंबोलीत देवदार कुठून आले हे कुणी विचारलंच नाही

आमचा रत्नागिरीत रविवारचा स्केचिंग ग्रुप आहे, अकरा जण, त्यात दोन रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. मिरकरवाड्याच्या होड्या, भाट्याचा पूल, थिबा पॅलेस हे सगळं काढून काढून आता डोळे मिटूनही जमेल. म्हणून यंदा ठरलं की तीन दिवस डोंगरात जायचं, आंबोलीला, पण पाऊस गेल्यावर. पावसात तिथली हवा इतकी ओली असते की वॉटरकलरचा वॉश सुकतच नाही, एक थर दिला की कागद पंख्याखाली धरून बसा. पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे, त्यामुळे शिव्याही माझ्याच वाट्याला.

चित्रकारांच्याच एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होमस्टेची जाहिरात आलेली. मोठी गॅलरी, समोर दरी, माणशी ३,२०० मध्ये दोन रात्री जेवणासकट. फोन केला तर माणूस अस्सल मालवणी, "ताई, तुमी काय काळजी करू नकात, घर तुमचाच आसा." झालं, आपला माणूस वाटला. वर त्यानेच विचारलं की ऑइलवाले किती आहेत, टर्पेंटाईनच्या वासाचा इतरांना त्रास नको म्हणून त्यांना मागची खोली देतो. मला वाटलं, अरे वा, याला आपलं काम कळतं.

३५,२०० चे निम्मे म्हणजे १७,६०० आधी पाठवायचे होते. यूपीआयवर नंबर टाकला तर स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला आमची अकाउंटंट. इथे थांबायचं सोडून मी पिन टाकला. पैसे जायच्या आधी ते नाव दिसतं ते कशासाठी असतं हो?

आणि फोटो! गॅलरीमागे जी झाडं होती ती सरळसोट देवदार, हिमालयातली. आंबोलीत. आयुष्यभर मुलांना झाडं काढायला शिकवलेली माणसं आमच्यात, सगळ्यांनी तो फोटो झूम करून बघितला, उजेड काय छान पडलाय, कंपोझिशन काय आहे, यावर दोन दिवस चर्चा केली आणि झाड कुठलं ते कुणी बघितलं नाही. एका काकांनी तर त्यावरून वॉटरकलरसुद्धा करून टाकलं, देवदारासकट.

शेवटी आमच्यातल्या एकीचा मावसभाऊ सावंतवाडीत रिक्षा चालवतो, त्याला घर बघून यायला सांगितलं. लोकेशनच्या जागी नुसतं रान आणि पाण्याची सिमेंटची टाकी. हे काम पैसे भरायच्या आधी करायचं असतं, निदान त्या होमस्टेवाल्याला व्हिडिओ कॉल लावून घर आतून फिरून दाखव म्हणायचं.

मी फोन करून बुकिंग कॅन्सल म्हटलं तर तो चिडला नाही की काही नाही, म्हणाला रिफंड देतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, निम्मे आत्ता, निम्मे उद्या. आणि मी टाकला. आणखी ८,८०० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात, हे मी माझ्या सासूबाईंना शंभरदा सांगितलंय.

लाजेपायी घरी बोलले नाही, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तिथलं पहिलंच वाक्य, लगेच का नाही केलात, कारण पैसे या खात्यातून त्या खात्यात सरकून काढले जायच्या आत कळवलं तरच बँकेला ते अडवता येतात. २६,४०० पैकी ४,१०० होल्ड झालेत, तेही हातात आलेले नाहीत. बाकीचे मी भरते म्हटलं तर ग्रुपने ऐकलं नाही, पण हिशेबाची वही मात्र गुपचूप दुसऱ्याकडे गेली.

तो नंबर अजून चालू आहे. काल बघितलं, डीपी बदललाय, आता समुद्राला लागून घर आहे. या वेळी माड बरोबर आहेत.